लिंबावाचून लिंबाचा गंध

लिंबू म्हटले की गंध आणि आंबटपणा या दोन्ही गोष्टी आपल्या मनात इतक्या एकजीव होऊन येतात की, त्या मुळात दोन आहेत, त्यांचे फळातील ठिकाण वेगळे, द्रव्य वेगळे आणि वर्तनही वेगळे, अशी शंकादेखील सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः कागदी लिंबाची साल नखाने किंचित खरवडली असता जो तीव्र सुवास बोटांना लागतो तो सालीतील सूक्ष्म तैलग्रंथींचा असतो. आणि तेच लिंबू हलक्या हाताने सोलून, साल पुरती बाजूस सारून, आतल्या फोडींचा रस गाळून घेतला तर हाती येतो तो बहुतांशी सायट्रिक आम्लाचा आंबट द्रव, ज्याने जीभ शिवशिवते खरी, पण नाकाला फारसे काही कळत नाही. सरबत करताना आपण लिंबू सालीसकट पिळतो, सालीतील तेलाचे चार तुषार नकळत रसात उतरतात, आणि या अपघाताच्या जोरावर दोन्ही गुणांचे श्रेय आपण रसाला देऊन मोकळे होतो. घरगुती पेये करणाऱ्याने हा भेद एकदा मनाशी पक्का केला म्हणजे त्याचे बरेच काम सुकर होते. कारण मग लिंबाचा गंध लिंबाखेरीज इतर ठिकाणाहूनही आणता येतो, आंबटपणाची तजवीज हवी असल्यास निराळी लावता येते, आणि नको असल्यास ती मुळीच न लावता जे लिंबाला कधीच साधणार नाही ते साधता येते.

हा गंध मुख्यत्वे ज्या द्रव्याचा, त्याचे नाव सिट्रल. गंमत अशी की, खुद्द लिंबाच्या घरी त्याचा वावर बेताचाच आहे. युरोपी लिंबाच्या सालीतून निघणाऱ्या तेलात सिट्रल शेकडा दोन-चार भागच असते. बाकीचा मोठा हिस्सा लिमोनीन या दुसऱ्याच द्रव्याचा, जे संत्र्यामोसंब्यांतही भरपूर असते. तरीसुद्धा लिंबाला लिंबूपण येते ते या अल्पसंख्य सिट्रलमुळेच. उलटपक्षी, ज्यांचा लिंबाच्या कुळाशी सुतराम संबंध नाही अशा काही वनस्पतींनी हे द्रव्य आपल्या पानांत अक्षरशः कोठारासारखे साठविले आहे, आणि त्यांत पहिला मान ऑस्ट्रेलियातील लेमन मर्टल या वृक्षाकडे जातो.

क्वीन्सलंडच्या पूर्वेकडील वर्षावनांत वाढणारा हा सदाहरित वृक्ष आपल्या जांभळाच्या, पेरूच्या आणि लवंगेच्या कुळातला. ज्या नीलगिरीला आपण आता परकी मानीत नाही तीही त्याच कुळातली. पाने भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, फुले पिवळसर पांढऱ्या झुबक्यांची. त्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द जेम्स बॅकहाउस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे, आणि दुसरा त्याच्या लिंबूगंधाचा. या पानांच्या तेलात सिट्रलचे प्रमाण शेकडा नव्वदांहून अधिक भरते. त्याच्या पुढे जाणारी वनस्पती जगात विरळाच. लाइप्झिग येथील शिमेल कंपनीत काम करणाऱ्या बर्ट्रॅम या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली सिट्रल प्रथम वेगळे काढून ओळखले ते कोणत्याही लिंबातून नव्हे, तर याच वृक्षाच्या तेलातून. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ऑस्ट्रेलियात लिंबाच्या अर्काची टंचाई पडली, तेव्हा टॅरॅक्स नावाच्या शीतपेयाच्या कंपनीने आपल्या लेमोनेडला याच पानांचा स्वाद दिला. या वृक्षाची व्यापारी लागवड वाढली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, आणि २०१० साली ऑस्ट्रेलियात शिरलेल्या तांबेरा रोगाने या लागवडीला बराच ताप दिला. आज तिकडच्या घरांतून वाळलेल्या पानांचा गरम काढा, साखरेच्या पाकात मुरवलेले सरबत, बर्फ घातलेला थंड चहा असे नाना प्रकार होतात. मूळ निवासी समाजांना मात्र ही पाने अन्नात आणि औषधात फार पूर्वीपासून ठाऊक होती, हे तिकडच्या बाटलीवरील चिठ्ठीवर नेहमीच लिहिलेले असते असे नाही.

इकडे आपल्या नंदुरबार जिल्ह्याला हा वृक्ष परका आहे. परंतु त्याचे काम करणारी वनस्पती मात्र नवापूरपासून शहाद्यापर्यंत कोणत्याही गावात, परसदारी, बहुधा मोरीचे पाणी जिथून वाहून जाते त्या ओलसर कडेला, कोणाचीही विशेष देखभाल न घेता पसरलेली आढळते. ती म्हणजे आपला गवती चहा. त्याला क्वचितच फुलोरा येतो, बी धरत नाही. एका घरचा ठोंब फोडून दुसऱ्या घरी द्यायचा, एवढ्याच रिवाजावर त्याचा वंश चालत आला आहे, आणि शेजारधर्माच्या या मामुली देवघेवीत त्याला कधी किंमत लावल्याचे मी ऐकलेले नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे हे प्रसिद्धच आहे. फलाटाच्या पलीकडच्या टोकाला याच गवताला लीली चा म्हणतात आणि चहात त्याच्याबरोबर फुदिनाही टाकतात, एवढाच काय तो दोन राज्यांतला फरक. गवती चह्याच्या तेलात सिट्रल शेकडा सत्तरांच्या आसपास असते. म्हणजे लेमन मर्टलच्या मानाने कमी, पण खुद्द लिंबाच्या मानाने कितीतरी अधिक. मात्र ताज्या पातीत हे तेल वजनाच्या शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी असते, आणि जे असते ते उडून जाण्यास सदैव उत्सुक असते. पेय करणाऱ्याची सारी कसोटी या उत्सुकतेला आवर घालण्यात आहे.

चुलीकडे वळण्यापूर्वी या गवताच्या एका भावंडाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती या जिल्ह्याच्या मातीतली आहे आणि जिल्ह्यातच तिची आठवण फारशी उरलेली नाही. १९९८ च्या १ जुलैला स्वतंत्र होण्यापूर्वी नंदुरबार हा मुलूख धुळे जिल्ह्याचा भाग होता, त्याआधी पश्चिम खानदेशाचा, आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशाचा. त्या अखंड खानदेशावरील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १२वा खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८० साली निघाला; त्यात या पश्चिम टोकाच्या हुन्नरांमध्ये रोशाच्या तेलाचा उल्लेख येतो. रोशा, ज्याला तिखाडी असेही म्हणतात, हे गवती चह्याच्याच प्रजातीतले रानगवत. अक्राणीच्या डोंगरपठारावर, तळोदे आणि शहादे तालुक्यांच्या सातपुड्याकडील उतारांवर, आणि नंदुरबारच्या माळांवर ते पावसाळ्यानंतर पुरुषभर वाढून फुलोऱ्यास येई, आणि त्याच सुमारास ओढ्यांच्या काठाने भट्ट्या पेटत.

या भट्टीची रचना सोपी आणि शहाणपणाची होती. दगडांच्या चुलाणावर लोखंडाचा वा तांब्याचा मोठा हंडा, त्यात दाबून भरलेले गवत आणि थोडे पाणी, वर घट्ट बसवून सांधे लिंपलेले झाकण, झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी, आणि त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेले भांडे. हंड्यात पाणी उकळले की वाफ गवतातून वर जाताना तेलाला आपल्याबरोबर घेऊन जाई, ओढ्याच्या गारव्याने भांड्यात ती पुन्हा पाणी होई, आणि तेल पाण्यावर तरंगू लागे. भट्टी ओढ्याकाठीच का, याचे उत्तर यातच आहे; गारव्यासाठी लागणारे पाणी वाहून आणण्याऐवजी भट्टीच पाण्याजवळ नेणे स्वस्त पडे. ज्या डोंगराळ भागात मोहाच्या फुलांचा अर्क काढण्याचे ज्ञान घरोघर होते, तेथे या यंत्राचे तत्त्व कोणाला नव्याने शिकवावे लागले नसणार, हा माझा केवळ तर्क आहे, पण तो फार धाडसी आहे असे मला वाटत नाही.

हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई, आणि तिथे त्याचे जे होई ते ऐकून खानदेशी माणसाने हसावे की खंतावावे हे ठरविणे कठीण आहे. रोशाच्या तेलाचा वास गुलाबाच्या जवळचा. म्हणून बल्गेरियातील गुलाबाच्या मोलवान अत्तरात ते भेसळीसाठी वापरीत. कच्च्या तेलाचा रानटी भपका कमी व्हावा म्हणून ते आधी लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्यात घोळवून उन्हावाऱ्यात ठेवीत असत. युरोपच्या बाजारपेठेत हे तेल पोचले ते तुर्की जिरॅनियम तेल या नावाने. अक्राणीचे आणि तळोद्याचे नाव वाटेतल्या दलालांच्या खतावण्यांतच गळून पडले. व्यापारी त्याच्या दोन जाती मानीत, मोतिया आणि सोफिया. पहिली उंची, दुसरी हलकी. भट्टीवाल्यांची समजूत अशी की कोवळ्या गवताचे तेल मोतिया आणि जून गवताचे सोफिया. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती गवतेच वेगळी असल्याचे दाखविले.

या तेलाचा प्रस्तुत विषयाशी संबंध केवळ भौगोलिक नाही. रोशाच्या तेलातील गुलाबगंधी द्रव्य १८७१ साली याकोब्सन या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळे केले, आणि त्याचे नाव जेरॅनिऑल पडले. या जेरॅनिऑलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ असे अणू असतात. त्यातून हायड्रोजनचे केवळ दोन अणू काढून घेतले की उरते ते सिट्रल. प्रयोगशाळेत झेम्लर या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे करून दाखविले. म्हणजे अक्राणीच्या उतारावरील गुलाबाचा वास आणि शहाद्याच्या परसातील लिंबाचा वास यांमध्ये अंतर आहे ते अवघ्या दोन हायड्रोजन अणूंचे. निसर्गाने एकाच गवताच्या घराण्यात एका भावाला गुलाबाची आणि दुसऱ्याला लिंबाची वतनदारी दिली, आणि सनदेतला फरक एवढाच ठेवला. सिट्रलची पुढची कारकीर्द तर आणखी चमत्कारिक आहे. १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यापासून व्हायोलेट फुलांच्या वासाचे आयोनोन बनविले, आणि विसाव्या शतकात त्याच वाटेने अ जीवनसत्त्व तयार होऊ लागले. त्यामुळे केरळातील लिंबूगवताच्या तेलाला, ज्याला व्यापारात कोचीनचे तेल म्हणत, एकाएकी मोठी मागणी आली. १९५१ साली तिथे ओडक्कली या गावी या गवतासाठी खास संशोधन केंद्र निघाले. खानदेशाच्या रोशाला असे कोणी वाली मिळाले नाही, आणि सातपुड्याची जंगले विरळ होत गेली तशी ती ओढ्याकाठची भट्टीही मागे पडली.

असो. आता स्वयंपाकघर.

गवती चहाचे सर्वांत परिचित पेय म्हणजे दुधाचा चहा, आणि त्यातच सर्वांत अधिक चुका होतात. पात धुऊन, तिची गाठ मारून, उकळत्या पाण्यात अखंड टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती दिसण्यास नीटनेटकी आणि काढून टाकण्यास सोयीची, पण तेल पातीच्या आतल्या पेशींत कोंडलेले असल्याने अखंड पातीतून ते सावकाश आणि अपुरे बाहेर येते. पात कात्रीने आडवी, बोटाच्या पेराएवढी कापावी, आणि बुंध्याकडचा पांढरट भाग असल्यास तो बत्त्याने किंचित ठेचावा. दोन कपांस तीन-चार लांब पाती पुरतात. पाण्याला उकळी आली की पात टाकून पातेल्यावर झाकण ठेवावे, आच मंद करावी, आणि तीन-चार मिनिटांहून अधिक उकळू नये. हे झाकण महत्त्वाचे आहे. सारे घर सुगंधाने दरवळले म्हणून गृहिणीला समाधान वाटते, पण घरभर जो दरवळ पसरला तो कपात उतरणार नसतो. रोशाच्या भट्टीत वाफ तेल घेऊन नळीने जात असे, इथे ती खिडकीने जाते, आणि ओढ्यात बुडवलेले भांडे आपल्यापाशी नाही. अर्धा तास खळखळ उकळलेल्या पातीत शेवटी राहतो तो ओल्या पेंढ्याचा वास. आले घालायचे असल्यास ते आधी घालून उकळून घ्यावे, पात नंतर. चहाची पूड त्याहून नंतर, आणि दूध सर्वांत शेवटी.

याच दुधापाशी लिंबूगंधी पानांचा मोठेपणा दिसून येतो. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लाला फार भिते, सामू ४.६ च्या आसपास उतरला की ते पाण्याची संगत सोडून गोळा होते, आणि तापलेल्या दुधाला तर त्याहूनही थोडे आम्ल पुरते. म्हणून चहात लिंबू पिळायचे तर दुधाला निरोप द्यावा लागतो, आणि दूध घालायचे तर लिंबाला. गवती चहात आणि लेमन मर्टलच्या पानांत गंध आहे पण सांगण्याजोगे आम्ल नाही, म्हणून दूध नासत नाही. ऑस्ट्रेलियात लेमन मर्टल सायीच्या आणि दुधाच्या पदार्थांत इतके आवडीने वापरतात त्याचेही कारण हेच. शिवाय सिट्रल पाण्यात फारच थोडे विरघळते, स्निग्धांशात मात्र सहज. तेव्हा साय असलेले दूध हा गंध साध्या पाण्याहून अधिक धरून ठेवते. कोजागरीच्या आटीव दुधात वेलदोडा-जायफळाऐवजी, दूध उतरविल्याबरोबर कापलेल्या सात-आठ पाती घालून, झाकून, पंधरा-वीस मिनिटांनी गाळून घेतले तर जे तयार होते त्याची तुलना मी कशाशी करणार नाही, करून पाहावे. गुळाचा चहा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की दूध नासले तर तो दोष पातीचा नसून गुळाचा असतो, आणि त्याचा उपाय गूळ भांडे उतरवल्यावर घालणे हा.

पावसाळ्यात तोरणमाळच्या पठारावर, जे समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे, ढग दारातून आत येऊ लागतात, त्या हवेत गवती चहा, आले, तुळशीची चार पाने आणि गूळ यांचा बिनदुधाचा काढा घेतात त्याबद्दल निराळे सांगण्याची गरज नाही. त्याने सर्दी बरी होते की नाही याविषयी मी साक्ष देणार नाही. गरम वाफ नाकात गेली की बरे वाटते, एवढे निर्विवाद.

उन्हाळी पेयांसाठी मात्र उकळण्याचा मार्ग सोडून दोन वेगळे मार्ग धरावे लागतात. पहिला पाकाचा. एक किलो साखरेत अर्धा लिटर पाणी घालून साखर विरघळेपर्यंत आणि एक उकळी येईपर्यंत तापवावे, खाली उतरवावे, आणि हात लावण्याइतके नव्हे पण वाफ उसळणे थांबण्याइतके निवले की बारीक कापलेल्या चाळीस-पन्नास पाती त्यात बुडवून घट्ट झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी स्वच्छ फडक्याने गाळून, पिळून, कोरड्या बाटलीत भरावे. एका पेल्याला दोन मोठे चमचे पाक, बाकी माठाचे पाणी. साखरेचे प्रमाण इतके दाट असल्याने हा पाक थंड जागी बरेच दिवस टिकतो, पण बाटली उजेडात ठेवू नये. प्रकाश आणि हवा ही दोन्ही सिट्रलची शत्रू आहेत.

दुसरा मार्ग अर्काचा, आणि तो मला व्यक्तिशः अधिक प्रिय आहे, कारण त्यात ओढ्याकाठच्या त्या जुन्या भट्टीचे तत्त्व चुलीवरच्या पातेल्यात उतरते. रुंद पातेल्यात कापलेली भरपूर पात आणि ती बुडेल इतके पाणी घ्यावे. मधोमध एक जड वाटी पातीच्या वर राहील अशी ठेवावी. पातेल्यावर झाकण उलटे, म्हणजे मुठीची बाजू खाली वाटीकडे येईल असे, बसवावे आणि त्याच्या खोलगट भागात बर्फाचे किंवा थंड पाणी ओतावे. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते, थंड होते, मुठीवरून ओघळून वाटीत पडते. अर्ध्यापाऊण तासात वाटीभर स्वच्छ, रंगहीन, लिंबाच्या वासाने भारलेले पाणी मिळते. वरचे पाणी कोमट झाले की बदलत राहावे. हा अर्क चमच्या-दोन चमच्यांनी ताकात घालावा, साध्या थंड पाण्यात घालावा, खिरीतही घालावा. ताकाला पात उकळून घालण्याची सोय नसते, ती या अर्काने होते. पृष्ठभागावर तेलाचे सूक्ष्म थेंब दिसले तर ते टिपून काढावेत. बाजारात मिळणारे गवती चह्याचे शुद्ध तेल पेयात थेंबाने देखील घालण्याच्या मी विरुद्ध आहे. ते फार तीव्र असते, घशाला आणि जठराला सोसवत नाही, आणि साबणासाठी काढलेले तेल खाण्याच्या प्रतीचे असेलच असे नाही.

उरला आंबटपणा. तो ज्यांना हवा त्यांच्यासाठी हा जिल्हा अशा वस्तूची पेठ आहे की जी अन्यत्र वाण्याच्या दुकानात पुडीने मिळते. अक्राणी तालुक्यातील धडगावच्या आणि शेजारच्या मोलगीच्या परिसरात, उन्हाळ्याच्या तोंडी कैऱ्या उतरवून, सोलून, त्यांच्या फोडी खडकांवर आणि घरांच्या छपरांवर उन्हात वाळवितात, आणि या वाळल्या फोडींचा, म्हणजे आमचुराचा, मोठा व्यापार तेथील बाजारांतून होतो. पावरा आणि भिल्ल कुटुंबांतील बायामाणसांच्या हातांनी हे काम घरोघर चालते. आमचुरात सायट्रिक आणि मॅलिक आम्ले आहेत, पण लिंबाचा गंध नाही. गवती चहात लिंबाचा गंध आहे, पण आम्ल नाही. या दोहोंची गाठ घालून देण्याचे कार्य अद्याप कोणी रीतसर केले आहे की नाही कोण जाणे, परंतु माझ्या मते सातपुड्याचे खरे सरबत हेच. आमचुराच्या दोन-तीन फोडी पेलाभर पाण्यात तासभर भिजत घालाव्यात, पाणी न घुसळता वरचेवर नितळून घ्यावे, त्यात गवती चह्याचा पाक, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. रंग किंचित तपकिरी येतो. त्याला इलाज नाही. पूड केलेले आमचूर वापरल्यास गढूळपणा येतो, म्हणून फोडीच बऱ्या. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा तापीच्या खोऱ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा या पेल्यात मीठ आणि साखर दोन्ही असणे केवळ रुचीची गोष्ट राहत नाही.

येथे एक सावधगिरी. आम्लाच्या सहवासात सिट्रल फार काळ निभाव धरत नाही. त्याचे रूपांतर हळूहळू अशा द्रव्यांत होते की ज्यांचा वास रोगणासारखा, शिळकट लागतो. लिंबाचे सरबत सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवले असता त्याचा टवटवीतपणा जातो, त्याचे एक कारण हे आहे, आणि कारखान्यातील बाटलीबंद लिंबूपेये करणाऱ्यांना याच प्रश्नाने आजवर सतावले आहे. म्हणून पाक आणि आंबट पाणी एकत्र करून साठवू नये. दोन्ही वेगळी ठेवून प्यायच्या वेळी पेल्यातच मिसळावीत.

दुसरी सावधगिरी ओळखीची. लिंबाचा वास आला म्हणजे पान पिण्याजोगे झाले असे नव्हे. आपल्याकडे बागांतून लिंबूगंधी नीलगिरीची झाडे लावलेली दिसतात. तीही ऑस्ट्रेलियाची, तीही लेमन मर्टलच्याच कुळातली, आणि तिच्या पानाला चुरडल्यावर लिंबासारखाच वास येतो. पण तो वास सिट्रलचा नसून सिट्रोनेलल या दुसऱ्या द्रव्याचा, आणि ते पान काढ्यात घालण्याचे नाही. डास पळवून लावणारे सिट्रोनेला गवतही गवती चह्याच्या इतके सारखे दिसते की रोपवाटिकेत गफलत सहज होते. चुरडून हुंगले असता साबणाचा आणि उदबत्तीचा भास झाला, आणि बुंधा पांढरट हिरवा नसून तांबूस निघाला, तर ते चहाचे नव्हे असे समजावे. रोशाही चहात घालू नये. कपात गुलाबाचा वास येण्याऐवजी केशतेलाचा येईल.

पात वाळवून ठेवायची असल्यास ती पावसाळा सरल्यावर, ऊन कोवळे असताना कापावी आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवावी. उन्हात वाळवलेल्या पातीतला जीव गेलेला असतो. वाळल्यावर तिचे तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि वापरताना ताज्या पातीच्या दुप्पट घ्यावेत, कारण पातळ गवताच्या पानातून तेल फार लवकर उडते. लेमन मर्टलचे जाड, चामड्यासारखे पान या बाबतीत सरस आहे. वाळल्यावरही ते बराच काळ गंध धरून ठेवते, आणि ब्रिस्बेनला वा सिडनीला गेलेल्या कोणी नातलगाने त्याची पुडी आणून दिलीच तर गवती चह्याच्या हिशेबाने ती वापरू नये. दोन कपांना चुरलेल्या पानाचा अर्धा लहान चमचा खूप झाला. आच बंद करून मगच ते पाण्यात घालावे आणि पाच मिनिटांत गाळावे. अधिक घातले किंवा अधिक वेळ उकळले तर लिंबाच्या मागून नीलगिरीचा औषधी वास डोके वर काढतो, आणि मग त्या चहात साखर कितीही घातली तरी तो पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही.